शून्य म्हणजे किती?

सास्तूरला कुणाच्या नव्या घरी वास्तुशांतीचं जेवण असलं की पाहुणे आधी छताचं पीओपी बघतात, मग टाइल्स बघतात, मग मालकाच्या नकळत खर्चाचा अंदाज बांधतात आणि पंगतीला बसतात. आप्पांची रीत वेगळी. ते चपला काढतात, टोपी काढून खिशात कोंबतात, गुडघे आणि तळहात जमिनीला टेकतात आणि फरशीला नाक लावतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा मोठा श्रद्धाळू दिसतोय, वास्तुपुरुषाला नमस्कार घालतोय. एका घरात तर नवीन सुनेनं घाईघाईनं पदर सावरून त्यांच्या शेजारीच डोकं टेकवलं. आप्पांनी मान वर करून तिला आशेनं विचारलं, “तुलाबी येलालाय का वास?”

गावात त्यांना ‘हुंगे आप्पा’ म्हणतात. तोंडावरही म्हणतात. त्याचं त्यांना काही वाटत नाही. उलट शेतातून, दुकानातून, एस.टी.तून कुणी तशी हाक मारली की ते थांबतात, कारण हाक मारणाऱ्याच्या घरी बांधकाम निघालेलं असण्याची शक्यता असते.

आप्पांची सगळी नोकरी गेली हायस्कूलच्या प्रयोगशाळेत. पद परिचराचं, पण रुबाब वैज्ञानिक सल्लागाराचा. प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात बरण्यांची रांग होती : बेडूक, सरडा, मण्यार, कुणी तरी हौसेनं आणून दिलेलं दोन तोंडांचं करडू. बरण्यांतलं फॉर्मॅलिन कमी झालं की वरून भर घालायची, हे आप्पांचं खास काम. विज्ञानाचे सर त्या दिवशी हटकून मुख्याध्यापकांकडे बसायचे. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, नाकात सुई टोचल्यासारखी झिणझिण, हे सगळं आप्पांच्या वाट्याला. हे फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, साधारण शेकडा ३७ ते ४०.

निवृत्तीनंतर एके दिवशी त्यांच्या वाचनात आलं, की एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि लॅमिनेटच्या फळ्यांच्या पोटातला लाकडाचा भुगा ज्या डिंकानं धरून ठेवलेला असतो, तो बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. आणि तो डिंक पुढं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं थोडा थोडा वायू सोडत राहतो. आप्पा तसेच उठून पारावर आले. “माझ्या बरणीतला बेडूक,” ते म्हणाले, “लोक पैसे देऊन बेडरूममधी अंथरलालेत!”

तेव्हापासून हे सुरू आहे.

त्यांच्या पाठीमागे आम्ही हसतो, पण त्यांच्यासारखा माणूस प्रत्येक गावात असतो. वजनकाट्याच्या खाली हात घालून बघणारा. खताच्या पोत्यावरची तारीख वाचणारा. औषधाच्या बाटलीतला मराठी कागद, जो भिंग घेतल्याशिवाय दिसत नाही, तो उन्हात धरून शेवटपर्यंत वाचणारा. हा माणूस दुकानात शिरला की दुकानदाराला एकदम आठवतं की आपल्याला बँकेत जायचंय. फरक इतकाच, की आप्पांनी आपली सगळी शंका एकाच जागी गोळा केली : पायाखाली.

त्यांच्या पुतण्यानं वरच्या मजल्यावर एक खोली काढली, तेव्हा ही शंका कामाला आली. पुतण्या पुण्यात हिंजवडीला. त्याला गावच्या खोलीत ‘वुडन फ्लोअरिंग’ हवं होतं, कारण बायकोनं कुठं तरी बघितलं होतं. माल लातूरला बघायचा ठरला. गाडी माझी, म्हणून मीही गेलो.

दुकान थंडगार होतं. मालकानं पाणी मागवलं, चहा सांगितला आणि एका तरतरीत पोराला पुढं केलं. पोरानं पाच-सहा फळ्या टेबलावर मांडल्या. सागवान दिसणारी, अक्रोड दिसणारी, एक तर राखाडी, जळक्या लाकडासारखी, ती म्हणे सगळ्यात जास्त चालते.

“काका, हे ई-झिरो. झिरो एमिशन. एकदम ग्रीन माल.”

आप्पांनी पिशवीतून वही काढली, चष्मा काढला, चष्म्याची काडी जिथं दोऱ्यानं बांधली होती ती जागा कानावर नीट बसवली.

“ग्रीन काय? माल, कारखाना, का खोका?”

पोरगं हसलं. आप्पा हसले नाहीत. त्यांच्या वहीत वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलेलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणाच्या भूलथापांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याचं. नुसतं ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असं मोघम लिहायचं नाही, पुरावा हवा. आणि दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, तिच्या एखाद्या भागाबद्दल आहे, बनवण्याच्या पद्धतीबद्दल आहे की वेष्टनाबद्दल, हे सांगायला हवं. आप्पांनी ते कात्रण पोरासमोर धरलं. पोरानं ते मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवलं. मालक त्याच दुकानात, काचेपलीकडे बसलेला होता.

“बरं, ते ऱ्हाऊ दे,” आप्पा म्हणाले. “ई-झिरो म्हणजे किती?”

“झिरो म्हणजे झिरोच की काका.”

इथं आप्पांचा चेहरा फुलला. वर्षानुवर्षं विज्ञानाच्या तासाला मागं उभं राहून ज्या क्षणाची वाट बघितली, तो हाच असावा. त्यांनी वहीचं पान उलटलं. युरोपच्या जुन्या वर्गवारीत ई-वन आहे, ई-टू आहे, ई-झिरो नाहीच. चीननं २०२१ साली जी प्रतवारी काढली तीत मात्र ई-झिरो आहे, आणि तिथं त्याच्यापुढं आकडा आहे : घनमीटर हवेत ०.०५० मिलिग्रॅम. ई-वनचा ०.१२४. आणि झिरोच्याही खालची एक पायरी आहे, तिचा ०.०२५.

“आता सांग लेकरा,” आप्पा म्हणाले, “शून्याच्या खाली अर्धं शून्य कसं असंल?”

पोरगं काचेकडे बघायला लागलं.

आप्पांचा राग आकड्यावर नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. ०.०५० हा वाईट आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली घरातल्या हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली, तिच्या निम्मा झाला. त्यांचा राग होता आकडा लपवून नाव पुढं करण्यावर. ‘कमी’ असं कुणी म्हटलं की आप्पा विचारतात, कशापेक्षा? ‘नाही’ म्हटलं की विचारतात, मोजलं कुणी? ‘सर्टिफाइड’ म्हटलं की हात पुढं करतात. लग्नपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी ते फोन करून खात्री करतात.

सर्टिफिकेट आलं. झेरॉक्सची झेरॉक्स असावी. शिक्का कुठला आणि चहाचा डाग कुठला हे सांगता येईना. आप्पांनी ते पाऊण तास वाचलं. मी तोवर दोन चहा घेतले. पुतण्याशी व्हिडिओ कॉल लावून दिला होता, तो मीटिंग आहे म्हणून निघून गेला. वाचून झाल्यावर आप्पांनी फळीची जाडी मोजली. समोरची १२ मिलिमीटर, कागदावरची ८. कागदावरचं कारखान्याचं नाव वेगळं. तपासणीची तारीख फळीवरच्या छापाच्या किती तरी आधीची. आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, लिहिलं होतं की नमुना अर्जदारानं स्वतः पाठवलेला असून निकाल फक्त त्याच नमुन्याला लागू आहे.

“म्हणजे,” आप्पा म्हणाले, “पोरानं स्वतःच एक उत्तरपत्रिका निवडली, तपासून घेतली, आणि वर्गातल्या सगळ्यांनी तेच मार्क लावून घेतले.”

असं वाक्य बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालावर असतं आणि त्यात फसवणूक नाही. प्रयोगशाळा आपली बाजू प्रामाणिकपणे सांगते. फसवणूक झालीच तर दुकानाच्या काचेवर होते. पण ते वाक्य वाचणारा गिऱ्हाईक त्या दुकानात पहिल्यांदाच आला असावा, कारण मालक आता स्वतः उठून बाहेर आला. आप्पांना वाकून नमस्कार करून म्हणाला, “बाबा, आपण कुठल्या डिपार्टमेंटचे?”

“हायस्कूल,” आप्पा म्हणाले. मालकाच्या जिवात जीव आला.

पुढची गंमत खरं तर त्या कागदातच होती, आणि ती आप्पांनी परतीच्या वाटेवर औसा सोडल्यापासून सास्तूर येईपर्यंत सांगितली. या चाचण्या एका बंद पेटीत करतात. पेटीत नमुना ठेवायचा, हवा ठरावीक वेगानं आत-बाहेर सोडायची आणि काही दिवसांनी बाहेर येणारी हवा तपासायची. युरोपात तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तपासतात. मग हिशेब एका कल्पित खोलीवर बसवतात. ती खोली कशी? १२ चौरस मीटर जमीन, ३० घनमीटर हवा, एक दार, एक खिडकी, दोन तासांत सगळी हवा एकदा बदलणार. आणि तापमान २३ अंश, दमटपणा शेकडा ५०.

“तेवीस!” आप्पा दर दोन किलोमीटरला म्हणायचे. “तेवीस!”

गाडीबाहेर एप्रिल होता. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि वरच्या मजल्यावरच्या, स्लॅबखालच्या खोलीत काय होतं ते तिथं दुपारी झोपलेल्या माणसाला विचारावं. फॉर्मल्डिहाइड उष्णतेनं जास्त सुटतं, दमटपणानंही जास्त सुटतं. म्हणजे पुतण्यानं तिथं कूलर लावला, तर गारव्याबरोबर ओलही आली. एसी लावला तर गारवा आला, पण खिडकी बंद, म्हणजे हवा बदलायची बंद. तेव्हा कागदावरचा आकडा खोटा नाही. तो त्या २३ अंशांच्या खोलीत खरा आहे. आपण त्या खोलीत राहायला जाणार नाही, एवढाच प्रश्न. हे दुकानातल्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या मालकालाही नसतं.

आप्पांना हा कागद बघायचा नाद कुठून लागला, हे सास्तूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवद, म्हणजे माणसाला उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊब देणारं, पिढ्यान्‌पिढ्या भरवशाचं मानलेलं घर, तेच अंगावर आलं. त्याबद्दल आप्पा बोलत नाहीत. बोलतात ते त्यानंतरचं. नवी गावं उठत होती, जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं ठरत होती, आणि गावोगाव ‘भूकंपप्रूफ’ हा शब्द विकायला आला होता. भूकंपप्रूफ वीट, भूकंपप्रूफ पत्रा, एकाकडे तर भूकंपप्रूफ दार. आप्पा तेव्हा शाळा सुटली की बांधकामावर जाऊन उभे राहायचे. इंजिनिअर आला की विचारायचे, दाराच्या वरच्या पट्ट्यात सळई किती, कोपऱ्यात वळवली का, पाणी किती दिवस मारलं? मिस्त्री वैतागून म्हणायचा, “मास्तर, विश्वास नाही का?” आप्पा म्हणायचे, “विश्वास हाय. सळई दाखव.”

माझ्या मते आप्पांचं सगळं चरित्र या दोन वाक्यांत आहे. त्यांना शंकेखोर म्हणणं तितकंसं बरोबर नाही. शंकेखोर माणूस दाखवलेली सळईही नाकारतो. आप्पा सळई मोजतात, बरोबर निघाली तर मिस्त्रीला स्वतःच्या पैशानं चहा पाजतात.

पारावर त्यांचं आवडतं आख्यान अमेरिकेचं. तिकडं लंबर लिक्विडेटर्स नावाची फरशीच्या फळ्या विकणारी मोठी कंपनी. १ मार्च २०१५ ला सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमानं दाखवलं, की तिच्या चिनी बनावटीच्या लॅमिनेटवर कॅलिफोर्नियाचा नियम पाळल्याचा छाप आहे, पण फळ्या तपासल्या तर फॉर्मल्डिहाइड नियमापेक्षा पुष्कळ जास्त. शेअर कोसळला. काही आठवड्यांत कंपनीनं तो चिनी माल विकणं थांबवलं. पुढं २०१९ मध्ये, गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात, तिनं ३ कोटी ३० लाख डॉलर मोजले. इथवर आख्यान सगळ्यांना पाठ आहे. पोरं शेवटच्या भागासाठी थांबतात, कारण आप्पा तो उभं राहून सांगतात.

तिथल्या सरकारच्या आरोग्य यंत्रणेनं या फळ्यांचा धोका किती, याचा हिशेब मांडला. फेब्रुवारी २०१६ मध्ये अहवाल आला : अगदी वाईटात वाईट धरलं तर लाखात २ ते ९ कॅन्सर जादा. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खोलीची उंची मांडताना फुटाचं मीटर करायचं राहिलंय! म्हणजे खोली होती त्याच्या तिप्पट उंच धरली, हवा तिप्पट धरली, आणि वायू तिपटीनं पातळ झाला. दुरुस्त हिशेब आला, लाखात ६ ते ३०.

“एकक लिहिलं नाय!” आप्पा दोन्ही हात वर करून ओरडतात. “आठवीच्या पोराचा अर्धा मार्क कापतो आपन!”

हे सांगताना त्यांच्या तोंडावर दुःख नसतं. अमेरिकेनंही एकक चुकवलं याचा निखळ आनंद असतो.

पुतण्यानं शेवटी कंटाळून त्यांना एक यंत्र पाठवलं. मुठीत मावेल एवढं, हिरवे आकडे दाखवणारं, ऑनलाइन मागवलेलं. त्याला वाटलं, आता आप्पा प्रश्न विचारायचे थांबतील. आप्पांनी आठवडाभर ते उशाला ठेवलं. मग शेजारच्या गल्लीत वास्तुशांत निघाली आणि ते यंत्र घेऊन गेले.

सकाळी घर रिकामं असताना आकडा ०.०४. आप्पांनी मान डोलावली. मालकाचा ऊर भरून आला. गुरुजी आले. उदबत्ती लागली, ०.०९. होम पेटला. तूप, समिधा, गोवऱ्या. आकडे पळायला लागले. यजमानाचे मेहुणे अत्तर लावून आत आले, तेव्हा यंत्रानं पहिली किंकाळी मारली. एका बाईनं लेकराच्या हाताला सॅनिटायझर चोळला, त्यावर तर ते थांबेचना. गुरुजींनी मंत्र थांबवला. “आप्पा, ते बाहेर ठेवा. ग्रहशांती चालू आहे.” आप्पा यंत्र घेऊन अंगणात गेले, तिथं आचारी फोडणी देत होता. यंत्र पुन्हा ओरडलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं फरशीला दोष दिला असता. आप्पांनी संध्याकाळी वहीत लिहिलं, आणि मला दाखवलं : ‘यंत्राला वास कळतो. कुणाचा ते कळत नाही.’ स्वस्तातल्या या यंत्रांचं तसंच असतं. आतली सेल अल्कोहोलला, अत्तराला, धुरातल्या इतर वायूंनाही भुलते. आणि उदबत्तीच्या, लाकडाच्या धुरात खरं फॉर्मल्डिहाइडही असतंच, त्यामुळं ते पूर्ण खोटंही बोलत नव्हतं. आप्पांनी यंत्राला खोक्यात घातलं. नाकावरही त्यांचा तितका भरवसा नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. “बरण्या भरताना पहिली पाच मिनिटं वास यायचा,” ते सांगतात. “मग नाक मरायचं. वास गेला म्हणून फॉर्मॅलिन गेलं व्हतं का?” मग हुंगता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “मी हुंगल्याबिगर लोक कागद काढत नाहीत.”

आप्पांची खरी हार एकाच ठिकाणी झाली, आणि ती स्वैपाकघरात. यंत्राची हकिकत ते काकूंना सांगत होते. काकू भाकरी थापत होत्या. त्यांच्या घरी गॅस आहे, पण भाकरी अजून चुलीवरच, कारण आप्पांना गॅसवरची लागत नाही. काकूंनी भाकरी तव्यावर टाकली, फुंकणीनं जाळ केला, आणि धुरातून म्हणाल्या, “ऐकलाव का, त्ये यंत्र हिकडं आणा जरा.”

आप्पांनी यंत्र आणलं नाही. पण त्यांना उत्तर माहीत होतं. घरातल्या हवेत काय सोडलं जातं याचा हिशेब मांडला, तर चुलीसमोर बसणाऱ्या बाईच्या वाट्याला जे येतं त्यापुढं लॅमिनेटची फळी फार मागं राहते. लग्नापासून काकू त्या धुरात आहेत. त्या धुराची चाचणी २३ अंशांत कुणी केली नाही, त्याला ई-वन नाही, ई-टू नाही, आणि आप्पांच्या वहीत त्याचं एकही पान नव्हतं. हे लिहायला मला मुळीच आवडत नाही, कारण आप्पा मला आवडतात. पण आपल्याकडं नवी फरशी हुंगायला चार गडी जमतात आणि जुन्या चुलीकडं कुणी बघत नाही, ही गोष्ट आप्पांच्या घरापुरती नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी गॅसवरची भाकरी मागितली. ती खाऊन म्हणाले, “बरी लागती.” काकू म्हणाल्या, “किती बरी? कशापरीस?” हे मला आप्पांनीच सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

इकडे पुतण्यानं वुडनचा नाद सोडला. व्हिट्रिफाइड टाइल घ्यायची ठरली. हजार अंशांच्या वर भाजून निघालेली वस्तू. तिच्यात वायू सोडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आप्पांचा कल खरं तर शहाबादीकडं होता. कलबुर्गी जिल्ह्यातून, म्हणजे आमच्या शेजारूनच येते, दगड आहे, पायाला गार, सर्टिफिकेट लागत नाही. पण सूनबाईला तो रंग ‘उदास’ वाटला. चालेल, आप्पा म्हणाले. टाइल बसवायचं रसायन मात्र त्यांनी डबा फिरवून फिरवून वाचलं. डब्यावर ‘लो व्हीओसी’ आणि पुढं लिटरला किती ग्रॅम ते होतं. आकडा बघून त्यांना बरं वाटलं, पण पुरतं नाही. डब्यात किती आहे हे एक, आणि त्यातलं तुमच्या खोलीच्या हवेत किती आणि किती दिवस येणार हे दुसरं. डब्यावरचे हे ग्रॅम मुळात शहराच्या धुरक्याच्या काळजीपोटी मोजायला सुरुवात झाली. त्या हिशेबात काही द्रावणं धुरकं करत नाहीत म्हणून सोडूनही दिलेली असतात. तिथं माणूस मोजलेला नसतो, आभाळ मोजलेलं असतं. शेवटी आप्पांनी साध्या सिमेंटच्या मालात टाइल बसवून घेतली. मिस्त्री खूश झाला, त्याला तेच येत होतं.

फरशी झाली आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. मग सुतार आला.

कपाट, पलंग, टीव्हीचं युनिट आणि लेकरांच्या अभ्यासाचं टेबल, सगळं एमडीएफचं. आप्पांनी खडू घेऊन नव्या टाइलवरच गणित मांडलं. जमीन १२० चौरस फूट. फळ्या, दोन्ही बाजू धरून, जमिनीच्या तिपटीहून जास्त. “आपन जमिनीसाठी लातूर पालथं घातलं,” ते म्हणाले, “आन्‌ हे भिंतीनं चढून आलं.”

सुतारानं दर्शनी बाजूला सनमायका मारला होता, मागची बाजू आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या होत्या. वायू सुटायला उघड्या कडा सगळ्यात सोयीच्या; झाकल्या तर बराच अडतो.

“मागं पण मार. कडेला पट्टी लाव.”

“आप्पा, मागची बाजू भिंतीला असती. कोण बघतंय तिथं?”

“बघायचं कुणाला हाय?”

सुतारानं फुटाचा दर सांगितला. आप्पांनी फूट मोजले. सुतारानं पुन्हा मोजले, कारण आप्पांचे जास्त आले होते. रक्कम ऐकून मी पुण्याला फोन लावून दिला. पुतण्या पुन्हा मीटिंगमध्ये होता, पण आकडा कानावर पडला तसा बाहेर आला.

“आप्पा,” तो दमून म्हणाला, “त्यापेक्षा सरळ पत्र्याचं कपाट घेऊन टाकू का? गोदरेजसारखं?”

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. सुतार आशेनं त्यांच्याकडे बघत होता. मीही.

“घे,” आप्पा म्हणाले. “पत्रा चांगला.”

पुतण्यानं सुटकेचा श्वास टाकला, तो स्पीकरवर आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“फकस्त त्याला रंग कुठला देतेत,” आप्पा म्हणाले, “त्ये इचारून ठेव. आन्‌ भट्टीत भाजलेला का नुसता फवारलेला, त्ये लिहून घे. सहीनिशी.”